कार्बन रंगद्रव्य शाई

कार्बन रंगद्रव्य शाई ही कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यावर आधारित द्रवात विखरून तयार केलेली शाई आहे. इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छायाचित्रे छापण्यासाठी ती वापरली जाते. सामान्य रंगीत प्रिंटर निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून करडा रंग निर्माण करतो. कार्बन शाईच्या पद्धतीत मात्र काळ्यापासून फिकट करड्यापर्यंतच्या सर्व छटा एकाच पदार्थाच्या कमी-अधिक तीव्रतेच्या शाईतून मिळवल्या जातात. कार्बन प्रकाशाने विटत नाही, हवेशी सहसा रासायनिक क्रिया करीत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे दीर्घकाळ टिकावयाच्या छायाचित्रांसाठी ही शाई महत्त्वाची मानली जाते.

शाईची निवड करताना टिकाऊपणा व रंगछटा यांचा मेळ घालावा लागतो. शुद्ध कार्बनची छटा किंचित तपकिरी, म्हणजे उबदार असते. ती तटस्थ करड्या रंगाकडे नेण्यासाठी शाईत रंगीत रंगद्रव्ये मिसळावी लागतात आणि ती कार्बनइतकी टिकाऊ नसतात. कागद, प्रिंटर व स्थानिक हवामान यांचाही या निवडीवर परिणाम होतो. कडक उन्हाळा व दमट पावसाळा असलेल्या यवतमाळ जिल्ह्यासारख्या प्रदेशात या बाबींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

== पार्श्वभूमी ==

=== काजळीची शाई ===

कार्बन हे लेखनासाठी वापरल्या गेलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांपैकी एक आहे. भारतात तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून शाई केली जात असे. संस्कृतमध्ये तिला 'मसी' म्हणतात. जुन्या मराठी पोथ्या व मोडी लिपीतील दप्तरे प्रामुख्याने अशा शाईने, बोरूच्या लेखणीने लिहिलेली आहेत. पुण्यातील पेशवे दप्तरातील कागद दोन-अडीच शतकांनंतरही वाचता येतात, यामागे शाईतील कार्बनचा मोठा वाटा आहे. कागद पिवळा पडतो, कडा झिजतात, वाळवी लागते. अक्षर मात्र काळेच राहते.

विदर्भात या लेखनपरंपरेचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या या जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान असून, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रचलेल्या 'लीळाचरित्र' या ग्रंथाशी त्याचे नाव जोडलेले आहे. पंथातील ग्रंथ पुढे शतकानुशतके हाताने नकलून जतन केले गेले.

जुन्या शाईत डिंकाचे काम दुहेरी होते. तो काजळीचे कण द्रवात तरंगते ठेवी आणि सुकल्यावर त्यांना कागदाला चिकटवून धरी. विदर्भात बाभूळ विपुल असल्याने डिंक सहज उपलब्ध होता. आधुनिक इंकजेट शाईत हेच काम कृत्रिम रेझिन व विखुरक द्रव्ये करतात. कण तरंगते ठेवणे आणि नंतर कागदावर पक्के धरणे, या जुन्या शाईकारांपुढील दोन अडचणी आजच्या शाईनिर्मितीतही कायम आहेत.

हिरडा व हिराकस यांपासून केलेली लोहयुक्त शाईही वापरात होती. ती कागदात मुरते, पण तिच्यातील आम्लामुळे कालांतराने कागद ठिसूळ होऊन अक्षरांच्या जागी छिद्रे पडू शकतात. काजळीच्या शाईत हा दोष नाही. मात्र ती कागदाच्या पृष्ठभागावर बसत असल्याने ओलावा व घर्षण यांनी निघू शकते. कार्बन इंकजेट शाईचे गुणदोषही बरेचसे असेच आहेत.

=== छायाचित्रणातील कार्बन ===

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा छायाचित्रांचे विटणे ही जगभरच्या छायाचित्रकारांची मोठी चिंता होती. त्या काळातील छायाचित्रे चांदीच्या संयुगांवर आधारलेली असत. चांदीचे सूक्ष्म कण हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे व ओलाव्यामुळे पिवळे-तपकिरी पडत. त्यावर उपाय म्हणून फ्रान्समधील आल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये प्रकाशसंवेदी जिलेटिनमध्ये कार्बन मिसळून चित्र उमटवण्याची पद्धत शोधली. इंग्लंडमधील जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये ती व्यवहारोपयोगी केली. 'कार्बन प्रिंट' या नावाने ओळखली जाणारी ही चित्रे आजही संग्रहालयांत उत्तम स्थितीत आढळतात.

विसाव्या शतकात जिलेटिन-सिल्व्हर कागदाने कार्बन प्रिंटची जागा घेतली. गावोगावच्या फोटो स्टुडिओंमधील अंधाऱ्या खोलीत हाच कागद वापरला जात असे. पुढे रंगीत छायाचित्रणाचा व नंतर डिजिटल कॅमेऱ्याचा प्रसार झाला, तशा बहुतेक अंधाऱ्या खोल्या बंद पडल्या आणि कृष्णधवल मुद्रण इंकजेट प्रिंटरकडे आले.

=== इंकजेट मुद्रण ===

कलात्मक छायाचित्रांसाठी इंकजेट मुद्रणाचा वापर १९९० च्या सुमारास आयरिस प्रिंटरपासून सुरू झाला. त्यातील शाई रंजकांची होती आणि ती लवकर विटत असे. सन २००० मध्ये एप्सन कंपनीने स्टायलस फोटो २०००पी हा रंगद्रव्य शाईचा घरगुती प्रिंटर बाजारात आणला. त्याची चित्रे टिकाऊ होती. पण कृष्णधवल चित्र दिव्याच्या प्रकाशात एका रंगाचे, तर दिवसाच्या उजेडात हिरवट दिसे. त्याच सुमारास अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मुद्रणशाळा चालवणारे जॉन कोन यांनी पिएझोग्राफी ही पद्धत आणली. तिच्यात रंगीत शाईच्या जागी वेगवेगळ्या तीव्रतेच्या काळ्या-करड्या शाई भरल्या जातात. छायाचित्रकार पॉल रॉर्क यांनी मॅट काळी कार्बन शाई विरळ करून वापरण्याच्या कृती सर्वांसाठी खुल्या केल्या. अशा शाईंचे नियंत्रण करण्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांनी तयार केलेली क्वाडटोनरिप ही संगणकप्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

मोठ्या कंपन्यांनीही पुढे काळ्या शाईंची संख्या वाढवली. एप्सनने २००५ मध्ये आणलेल्या के३ शाईसंचात काळी, फिकट काळी व अतिफिकट काळी अशा तीन पातळ्या होत्या. त्यामुळे मूळ शाईसंचातूनही चांगल्या दर्जाचे कृष्णधवल चित्र मिळू लागले.

== घटक ==

=== रंगद्रव्य ===

शाईतील कार्बन औद्योगिक काजळीपासून मिळतो. तिला कार्बन ब्लॅक म्हणतात आणि रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिची नोंद 'पिगमेंट ब्लॅक ७' अशी आहे. खनिज तेलापासून किंवा डांबरापासून मिळणारी जड तेले भट्टीत अपुऱ्या हवेत जाळून ती तयार करतात. तिचा सर्वाधिक वापर टायर उद्योगात होतो आणि शाईसाठी अगदी थोडा भाग लागतो. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे कार्बन ब्लॅकचा कारखाना आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसरात दगडी कोळशाच्या खाणी असल्या, तरी दगडी कोळसा थेट शाईसाठी वापरत नाहीत. त्यात राख, गंधक व इतर खनिजे असतात आणि त्याचे कण पुरेसे बारीक व एकसारखे करता येत नाहीत.

कार्बन ब्लॅकचे मूळ कण काही दशक नॅनोमीटर आकाराचे असतात आणि ते एकमेकांना चिकटून साधारण शंभर नॅनोमीटरचे पुंजके बनतात. प्रिंटरच्या नॉझलचे छिद्र काही दशक मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे पुंजक्याच्या शेकडो पट मोठे. तरीही कण एकत्र येऊन गोळा झाला किंवा शाई छिद्राशी सुकली, तर नॉझल बंद पडते.

=== द्रव व बंधक ===

शाईतील बहुतांश भाग शुद्ध पाण्याचा असतो. त्यात शाई लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, थेंब योग्य आकाराचा पडावा म्हणून पृष्ठताण कमी करणारे द्रव्य, कण वेगळे ठेवणारे विखुरक आणि बुरशीरोधक असते. काही शाईंत प्रत्येक कणाभोवती रेझिनचे वेष्टण असते. त्यामुळे चकचकीत कागदावरही रंगद्रव्य घट्ट बसते.

रंजक शाई व रंगद्रव्य शाई यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. रंजक द्रवात पूर्ण विरघळतो. त्याचे सुटे रेणू प्रकाश व ओझोन यांच्या थेट माऱ्यात येतात आणि मोडतात. रंगद्रव्याच्या कणात मात्र असंख्य रेणू एकत्र बांधलेले असल्याने पृष्ठभागावरचे काही रेणू मोडले, तरी आतील शाबूत राहतात. कार्बनच्या बाबतीत तर पृष्ठभागही प्रकाशाने मोडत नाही.

== रंगछटेचा प्रश्न ==

कार्बन काळा असला, तरी त्याची फिकट छटा निव्वळ करडी नसते. अत्यंत बारीक कण निळा प्रकाश तांबड्या प्रकाशापेक्षा अधिक शोषतात. त्यामुळे पातळ थरातून परतणारा प्रकाश तपकिरी वाटतो. कण मोठे असल्यास छटा निळसर करड्याकडे झुकते. पूर्व आशियातील पारंपरिक शाईतही हा फरक परिचित आहे. तेलाच्या बारीक काजळीची शाई तपकिरी छटा देते, तर पाइनच्या लाकडाच्या जाड काजळीची शाई निळसर छटा देते.

मोठ्या कणांची इंकजेट शाई तयार केल्यास ती तळाशी लवकर बसते व नॉझल अडवते. म्हणून शाईकार बारीक कण वापरतात आणि तपकिरी छटा स्वीकारतात, किंवा निळे व किरमिजी रंगद्रव्य थोड्या प्रमाणात मिसळून ती तटस्थ करतात. निळ्यासाठी सहसा थॅलोसायनिन आणि किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन या गटांतील रंगद्रव्ये वापरली जातात. ती चांगल्या प्रतीची असली, तरी कार्बनपेक्षा लवकर विटतात आणि दोन्ही एकाच वेगाने विटत नाहीत. किरमिजी आधी कमी झाल्यास चित्र हिरवट होते. दोन्ही कमी झाल्यास ते मूळ कार्बनच्या तपकिरी छटेकडे परतते.

यावरून निवडीचे एक सूत्र निघते. चित्रात रंगीत रंगद्रव्य जितके कमी, तितका काळाबरोबर होणारा बदल कमी. पूर्ण कार्बनच्या चित्रात विटणारा घटकच नसल्याने छटा बदलण्याचे मुख्य कारण कागद हेच उरते. याउलट रंगीत शाईंच्या मिश्रणातून बनवलेल्या करड्या चित्रात किंचित बदलही डोळ्याला लगेच जाणवतो, कारण करड्या रंगातील रंगझाक मानवी दृष्टी फार चटकन टिपते. अशा मिश्रणाची छटा प्रकाशस्रोतानुसारही बदलते. कार्बन मात्र दृश्य प्रकाशातील सर्व तरंगलांबी जवळजवळ सारख्या प्रमाणात शोषतो. त्यामुळे कार्बनचे चित्र ट्यूबलाइट, एलईडी व सूर्यप्रकाश यांखाली जवळपास एकसारखे दिसते.

== शाईसंचांचे प्रकार ==

=== मूळ शाईसंच ===

प्रिंटर कंपनीच्या रंगद्रव्य शाईसंचात दोन किंवा तीन काळ्या-करड्या शाई असतात. प्रिंटरमधील कृष्णधवल पर्याय निवडल्यास चित्राचा मोठा भाग या शाईंनी छापला जातो आणि छटा साधण्यापुरती रंगीत शाई वापरली जाते. हा मार्ग सोपा आहे. त्याच प्रिंटरवर रंगीत चित्रेही निघतात आणि हमीला बाध येत नाही. उबदार छटा निवडल्यास कार्बनची तपकिरी झाक उपयोगी पडते. तटस्थ किंवा थंड छटेसाठी निळ्या-किरमिजी शाईचा वाटा वाढतो.

=== स्वतंत्र कार्बन शाईसंच ===

या प्रकारात प्रिंटरच्या सर्व किंवा बहुतेक खणांत वेगवेगळ्या तीव्रतेच्या कार्बन शाई भरतात. फिकट भागात गडद शाईचे विरळ ठिपके पडण्याऐवजी फिकट शाईचे दाट ठिपके पडतात. त्यामुळे आकाश, त्वचा किंवा धुके यांसारख्या भागांत दाणेदारपणा दिसत नाही. मात्र असा प्रिंटर कृष्णधवल कामालाच वाहून टाकावा लागतो आणि शाई नियमित वापरली जाणे आवश्यक असते.

=== विरळ केलेली शाई ===

एकाच मॅट काळ्या कार्बन शाईत योग्य द्रावण मिसळून करड्या शाई घरी तयार करता येतात. द्रावणात खनिजविरहित, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, ग्लिसरीन व पृष्ठताण कमी करणारे द्रव्य असते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरल्यास त्यातील क्षारांमुळे कार्बनचे कण गोळा होतात. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मोजमापातील चूक मात्र प्रत्येक चित्रात उतरते, म्हणून प्रत्येक घाण्याची चाचणी आवश्यक ठरते.

== निवडीचे निकष ==

=== मॅट काळी आणि फोटो काळी ===

कार्बन शाई घेताना प्रथम कागदाचा प्रकार ठरवावा लागतो. मॅट काळी शाई सुती किंवा चमकरहित लेपाच्या कागदासाठी असते. ती चकचकीत कागदावर नीट चिकटत नाही व बोटाने पुसली जाते. फोटो काळी शाई चकचकीत, सॅटिन व बॅरायटा कागदांसाठी असते. ती मॅट कागदावर चालते, पण काळेपणा कमी येतो.

काळेपणा परावर्तन घनतेने मोजतात. चांगल्या मॅट कागदावर कमाल घनता सुमारे १.६ ते १.७ मिळते, तर बॅरायटा कागदावर ती २.२ किंवा त्याहून अधिक असू शकते. घनता १.६ म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.५ टक्के प्रकाश परत येतो, २.३ म्हणजे सुमारे ०.५ टक्का. म्हणून मॅट कागदावरचा काळा रंग मऊ व बॅरायटावरचा खोल वाटतो. भिंतीवर काचेमागे लावलेल्या चित्रात हा फरक बराच कमी जाणवतो.

=== चित्राचा हेतू ===

महाराष्ट्रात मृत व्यक्तीचे छायाचित्र घराच्या दर्शनी भिंतीवर लावण्याची रूढी आहे. ग्रामीण कुटुंबांत अनेकदा त्या व्यक्तीचे एकच छायाचित्र उपलब्ध असते. ते ओळखपत्रावरून किंवा लग्नातील समूहचित्रातून मोठे करून घेतले जाते. असे चित्र स्वस्त रंजक शाईने चकचकीत कागदावर छापल्यास ते उजेडात व हवेत काही वर्षांत फिके पडू शकते, आणि मूळ प्रत हरवलेली असल्यास चेहरा कायमचा गमावला जातो. अशा चित्रासाठी पूर्ण कार्बन शाई व आम्लमुक्त कागद हा सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो. किंचित तपकिरी छटा जुन्या छायाचित्राला विसंगतही वाटत नाही.

ऐतिहासिक छायाचित्रांच्या प्रतींनाही हेच लागू पडते. लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये पुसद येथे झालेला जंगल सत्याग्रह किंवा १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळ येथे भरलेले मराठी साहित्य संमेलन, अशा प्रसंगांशी संबंधित चित्रे संग्रहासाठी छापताना टिकाऊपणा हा पहिला निकष असतो. प्रदर्शनासाठी, स्पर्धेसाठी किंवा पुस्तकाच्या पूर्वतयारीसाठी छापलेल्या चित्रात मात्र तटस्थ छटा व खोल काळा रंग अधिक महत्त्वाचा असू शकतो. तेथे मूळ शाईसंच पुरेसा ठरतो.

=== कामाचे प्रमाण ===

रंगद्रव्य शाई पडून राहिल्यास कण तळाशी बसतात. पहिली चित्रे फिकट व नंतरची गडद येतात आणि नॉझल बंद पडण्याची शक्यता वाढते. आठवड्यातून एकही चित्र न छापणाऱ्या वापरकर्त्याला स्वतंत्र शाईसंच महाग पडतो, कारण नॉझल साफ करण्यात बरीच शाई वाया जाते. नियमित काम असलेल्या स्टुडिओला तो स्वस्त पडू शकतो. कधीमधी छापणाऱ्याने फायली जपून ठेवून चित्रे बाहेर छापून घेणे अधिक व्यवहार्य असते.

=== मापन ===

शाई किंवा कागद बदलल्यावर शुभ्रापासून काळ्यापर्यंतच्या समान पायऱ्यांची करडी पट्टी छापून तपासतात. साधारण एकवीस पायऱ्यांची पट्टी वापरली जाते. प्रत्येक पायरी वेगळी दिसली पाहिजे आणि गडद टोकाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळता कामा नयेत. पट्टी पूर्ण सुकल्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, मोजावी लागते. शाई सुकताना गडद भागाची घनता थोडी बदलते. घनतामापक नसल्यास स्कॅनरच्या साहाय्यानेही कामापुरते मापन करता येते.

== कागद ==

शाई न विटणारी असली, तरी कागद पिवळा पडल्यास चित्र पिवळे दिसते. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन प्रकाशात व हवेत तपकिरी होते. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या चित्रांसाठी कापसाच्या तंतूंचा किंवा लिग्निन काढलेल्या सेल्युलोजचा, आम्लमुक्त कागद निवडतात. कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने नसावीत. ही रसायने अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश फेकतात व कागद पांढराशुभ्र भासवतात. त्यांचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो आणि कागद एकाएकी जुना दिसू लागतो. त्यांशिवायचा कागद सुरुवातीपासून किंचित मलईरंगी असतो, पण तसाच राहतो. अंधारात अतिनील दिव्याखाली धरल्यास रसायनयुक्त कागद निळा चमकतो, हा ओळखण्याचा सोपा मार्ग आहे.

महाराष्ट्राला सुती कागदाची जुनी परंपरा आहे. जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा ही मध्ययुगापासून हातकागदाची केंद्रे होती. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. तेथे सुती कापडाच्या कातरणांपासून कागद केला जातो. यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध असला, तरी छायाचित्रासाठीचा सुती कागद केवळ कापसाने बनत नाही. शाईचे थेंब पृष्ठभागावर रोखून धरणारा खनिज लेप त्यावर द्यावा लागतो. लेप नसलेल्या हातकागदावर कार्बन शाई आत मुरते, काळा रंग करडा पडतो व बारीक तपशील पसरतात. तरीही मऊ व कमी विरोधाच्या चित्रांना हा कागद शोभतो. त्यावर लेप उखडण्याचा धोकाही नसतो.

== यवतमाळ जिल्ह्यातील हवामान आणि वापर ==

शाई कंपन्या टिकाऊपणाचे जे वर्षांचे आकडे देतात, ते प्रयोगशाळेतील वेगवान चाचण्यांवरून काढलेले असतात. अमेरिकेतील विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या प्रसिद्ध संस्थेच्या गणितात चित्र काचेमागे, दिवसाला १२ तास ४५० लक्स प्रकाशात, २४ अंश सेल्सियस तापमानात व ६० टक्के आर्द्रतेत आहे असे गृहीत धरतात. यवतमाळमध्ये मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि हवा अतिशय कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बरीच वाढते. त्यामुळे हे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दोन शाईंची तुलना करण्यासाठी मात्र ते उपयोगी आहेत.

उन्हाळ्यात नॉझलशी असलेली शाई लवकर सुकते. विदर्भातील घरांत व दुकानांत वापरले जाणारे कूलर हवेत ओलावा सोडतात. त्याने नॉझल सुकणे कमी होते, पण कूलरचा झोत थेट प्रिंटरवर आल्यास कागद वाकतो आणि त्याची कड छपाईच्या डोक्याला घासते. म्हणून प्रिंटर कूलरच्या खोलीत, परंतु झोतापासून दूर ठेवणे श्रेयस्कर असते. वीज अचानक गेल्यास छपाईचे डोके आपल्या जागी परत जात नाही व उघडे राहते. कोरड्या हवेत अशा स्थितीत ते थोड्या वेळात सुकू शकते. त्यासाठी यूपीएसची जोड उपयुक्त ठरते.

पावसाळ्यात कागद हवेतील पाणी शोषून फुगतो आणि शाई सुकण्यास वेळ लागतो. ओले चित्र लगेच काचेखाली बंद केल्यास उरलेला द्राव काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर धरतो. चित्र किमान एक दिवस, पावसाळ्यात त्याहून अधिक काळ, मोकळ्या जागी सुकू देतात. दमट भिंतीला टेकलेल्या चौकटीत बुरशी लागते. कार्बनला बुरशीचा उपद्रव नसला, तरी कागदातील सेल्युलोज व जिलेटिन यांना असतो. चौकटीच्या मागे लहान लाकडी किंवा बुचाचे तुकडे लावून भिंत व चौकट यांत हवा खेळती ठेवल्यास हा धोका कमी होतो.

सुती कागदावर सुटे तंतू व धूळ असते. छपाईनंतर ते गळल्यास काळ्या भागात पांढरे ठिपके उरतात. म्हणून छपाईपूर्वी प्रत्येक कागद मऊ ब्रशने झटकून घेतात.

== मर्यादा ==

कार्बन शाईची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे घर्षण. रंगद्रव्य कागदाच्या पृष्ठभागावर बसत असल्याने मॅट चित्र दुसऱ्या चित्रावर घासले गेल्यास ओरखडे उमटतात. चित्रांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालणे, संरक्षक फवारा मारणे किंवा काचेमागे चौकट करणे, हे त्यावरील उपाय आहेत. हारासाठी किंवा कुंकवासाठी हाताळल्या जाणाऱ्या चित्राला काच आवश्यकच असते. काच व चित्र यांमध्ये पुठ्ठ्याची कड ठेवल्यास चित्र काचेला चिकटत नाही.

दुसरी मर्यादा छटेची आहे. ज्याला निळसर, थंड कृष्णधवल चित्र हवे, त्याला शुद्ध कार्बन समाधान देत नाही. तिसरी मर्यादा उपलब्धतेची आहे. स्वतंत्र शाईसंच बहुधा परदेशातून मागवावे लागतात आणि ते ठरावीक प्रिंटरवरच चालतात. बाजारात 'काळी रंगद्रव्य शाई' या नावाने मिळणारी प्रत्येक शाई शुद्ध कार्बनची असते असेही नाही. काहींत छटा सुधारण्यासाठी रंगीत रंगद्रव्य किंवा रंजक मिसळलेला असतो. अशा शाईची चाचणी घरीही करता येते. छापलेल्या करड्या पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाकून ती काही महिने उन्हाच्या खिडकीत ठेवतात. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भागांची छटा सारखी असल्यास शाई व कागद दोन्ही विश्वसनीय समजता येतात. उघडा भाग हिरवट, गुलाबी किंवा फिका झाल्यास शाईत विटणारा घटक आहे, आणि केवळ कोरा कागद पिवळा पडल्यास दोष कागदाचा आहे.

टिकाऊ चित्र हे मूळ फायलीला पर्याय नसते. स्कॅन केलेली फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करणे, चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने व्यक्तीचे नाव, गाव व साल लिहिणे, या गोष्टी शाईच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या मानल्या जातात. पेन्सिलीतील ग्राफाइट हेही कार्बनचेच रूप असून, तेही प्रकाशाने विटत नाही.